भाषणाआधी हिशेब: सीमाभागातील डाव्या संघटनेत नवे नेतृत्व कसे घडवावे

कॉम्रेड, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी-चिकोडी भागात तुमची शाखा आहे. विडी कामगार, अंगणवाडी सेविका आणि ऊस उत्पादक शेतकरी असे तिन्ही थर तिच्यात आहेत. दरवर्षी मे महिन्यात तुम्ही तीन दिवसांचे शिबिर घेता, त्याला चाळीस-पन्नास तरुण येतात, दिवाळीपर्यंत त्यांतले तीन-चार उरतात आणि सगळा भार पुन्हा सत्तरी ओलांडलेल्या दोन ज्येष्ठांवर येऊन पडतो. शिबिराचा अभ्यासक्रम बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे. बेळगाव, खानापूर आणि चिकोडी या तालुक्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कामगार-शेतकरी संघटनेचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की अभ्यासक्रम जरूर बदला, पण मूळ दुखणे तिथे नाही. शिबिर संपल्यावर त्या तरुणाच्या हाती ज्यात स्वतःचा निर्णय लागेल असे एकही काम पडत नाही. त्याला सतरंज्या घालायला, फलक धरायला आणि घोषणा द्यायला सांगितले जाते. मागण्या कोणत्या मांडायच्या, अधिकाऱ्याशी कोण बोलणार, तडजोड कुठे करायची, हे सगळे ते दोन ज्येष्ठ आदल्या रात्रीच ठरवून मोकळे झालेले असतात. आपली गरज केवळ संख्येपुरती आहे, हे शहाण्या माणसाला सहा महिन्यांत कळते.

आपल्या भागात वक्तृत्वाला मोठा मान आहे आणि त्यामागे इतिहास आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाचे राजकीय शिक्षण प्रामुख्याने सभांमधून झाले. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, क्रांतिसिंह नाना पाटील आणि पुढे एन. डी. पाटील यांची नावे इथल्या जुन्या घरांत आजही आदराने घेतली जातात. त्यामुळे नेता म्हटले की सभा गाजवणारा माणूस, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. मीही हीच चूक केली आहे. एका गावात आवाज चांगला असलेला एक मुलगा आम्हाला भेटला, आम्ही त्याला प्रत्येक मोर्चात माईकसमोर उभे केले आणि दोन वर्षांत तालुक्याचा चिटणीस केले. मात्र त्याने एकही पगारपत्रक वाचले नव्हते, एकही पावतीपुस्तक सांभाळले नव्हते, एकाही सभेचे इतिवृत्त लिहिले नव्हते. एका वाटाघाटीत समोरच्या व्यवस्थापकाने चार आकडे पुढे टाकले तेव्हा तो गप्प झाला आणि कामगारांनी ते पाहिले. पुढच्याच निवडणुकीच्या आधी तो दुसऱ्या पक्षात गेला. त्याला मी दोष देत नाही, कारण आम्ही त्याला व्यासपीठाखेरीज काहीच दिले नव्हते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की भाषण शिकवण्याआधी कागद वाचायला आणि हिशेब मांडायला शिकवा. तुमच्या भागात उसाइतका चांगला धडा दुसरा नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. आता शिबिरार्थींपुढे एखाद्या शेतकऱ्याचे खरे ऊसबिल ठेवा आणि कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के धरून टनाचा दर काढायला सांगा. तो ३,८९६ रुपये येतो. मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा करायला लावा आणि बिलावरील रकमेशी ताडून पाहायला सांगा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागू होते, हेही त्याच बिलावर तारखा मोजून दाखवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले, मागणी तोडणी-वाहतूक वगळून टनाला ३,५०० रुपयांची होती आणि शेवटी ३,३०० वर तोडगा निघाला. ही तडजोड योग्य होती की नव्हती, यावर तरुणांना दोन गट करून वाद घालू द्या, पण अट एकच ठेवा: प्रत्येक मुद्द्यामागे आकडा हवा. असा एक तास बसलेला मुलगा पुढे गावच्या पारावर बोलू लागला की लोक थांबून ऐकतात, कारण तो त्यांच्याच खिशाविषयी बोलत असतो.

अंगणवाडी सेविकांसाठी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब घ्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा हक्क मान्य केला. सूत्र सोपे आहे: महिन्याच्या मानधनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. दहा हजार मानधन आणि वीस वर्षे सेवा धरली तर रक्कम १,१५,३८५ रुपयांच्या घरात जाते. मी हा हिशेब फळ्यावर स्वतः कधीच करत नाही. खडू एखाद्या मदतनीस बाईच्या हातात देतो आणि बाजूला बसतो. सातवीपर्यंत शिकलेल्या एका बाईंनी हा भागाकार तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर केला, तेव्हा त्या फळ्याकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि मग मागच्या रांगेतल्या मैत्रिणीला म्हणाल्या, “तुझी किती वर्षं झाली, सांग.” त्या दिवसापासून त्यांच्या सर्कलमधील तीस-पस्तीस जणींच्या सेवापुस्तकांच्या नोंदी त्याच ठेवतात. विडी कामगार स्त्रियांच्या बाबतीत हीच जागा छाट मोजण्याने भरून निघते. हजार विड्या दिल्या, त्यांतल्या किती छाटून टाकल्या, पान आणि तंबाखू कमी आल्यामुळे पदरचे किती घालावे लागले, याची महिनाभराची वही प्रत्येकीने ठेवली की ठेकेदाराशी होणाऱ्या बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसरा आग्रह शिष्टमंडळाविषयी आहे आणि माझ्या अनुभवात खरे नेतृत्व इथेच घडते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका तालुका कार्यालयात अंगणवाड्यांच्या अंडी व भाजीपाल्याच्या थकलेल्या बिलांसाठी गेलो. सेविका हे पैसे पदरचे घालतात आणि सरकारकडून परत मिळायला महिनोन्‌महिने लागतात. शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून आम्ही एका तरुण सेविकेला निवडले होते. आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहून कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. मी एवढेच म्हणालो की अध्यक्षा त्या आहेत, त्यांनाच विचारा, आणि शेवटच्या खुर्चीवर वही उघडून बसलो. पुढची दोन मिनिटे फार अवघड गेली. त्या अडखळल्या, हातातली नोंदवही थरथरत होती. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, एका ओळीवर बोट टेकवले आणि कोणत्या महिन्याचे किती रुपये येणे आहे ते एकेक वाचून दाखवू लागल्या. अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढून वहीत पाहिले आणि पुढच्या आठवड्यात बिले काढू, असे तोंडी सांगितले. त्या आनंदाने उठल्या. लेखी काहीच घेतले नाही, हे माझ्या लक्षात आले होते, पण मी बोललो नाही. पुढच्या आठवड्यात पैसे आले नाहीत, आणि शाखेच्या बैठकीत त्यांनी आपणहून सांगितले की लेखी आश्वासन घ्यायला हवे होते, चूक आपली झाली. दुसऱ्यांदा त्या गेल्या तेव्हा निवेदनाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. मी त्या दिवशी मध्ये बोललो असतो तर पोच मिळाली असती, पण पुढच्या वेळीही त्यांनी माझीच वाट पाहिली असती.

अर्थात प्रत्येक चूक होऊ द्यावी असे मी म्हणत नाही. ज्या चुकीने कुणाची नोकरी जाईल, कुणावर गुन्हा दाखल होईल किंवा संघटनेचा पैसा बुडेल, ती आधीच थांबवली पाहिजे. बाकीच्या चुका नव्या माणसाला करू द्याव्यात आणि त्यांचा आढावा दोन दिवसांच्या आत, लहान बैठकीत घ्यावा. टीका आणि आत्मटीका ही आपली जुनी रीत आहे, पण अनेक शाखांत ती ज्येष्ठांनी कनिष्ठांना रागावण्यापुरती उरली आहे. आढाव्याची सुरुवात ज्येष्ठाने स्वतःच्या चुकीपासून करावी. त्याने तसे केले नाही तर तरुण आपली चूक लपवायला शिकतो, आणि चूक लपवणारा कार्यकर्ता पुढे हिशेबही लपवू शकतो.

पैशाविषयी एवढेच सांगतो की वर्गणीचे पावतीपुस्तक पहिल्या वर्षापासून तरुणांच्या हाती द्यावे, खात्यावर दोन सह्या ठेवाव्यात आणि जमाखर्च दर महिन्याला बैठकीत मोठ्याने वाचावा.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या संघटनेत हा प्रश्न जितका टाळला जातो तितका तो आतून पोखरतो. तुमच्या विडी कामगारांत मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या स्त्रिया आहेत, ऊस उत्पादकांत कन्नड बोलणारे पुष्कळ आहेत आणि सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. अशा ठिकाणी केवळ मराठीत बोलू शकणारा तरुण निम्म्या सभासदांचाच नेता होतो, आणि केवळ कन्नडमध्ये कारभार करणारी शाखा मराठी स्त्रियांना श्रोत्यांच्या रांगेत बसवते. शिबिराचा एक पूर्ण सकाळचा वर्ग कार्यालयीन कन्नडसाठी ठेवा: अर्जी, मनवी (निवेदन), आदेश यांचे नमुने वाचणे, तारीख आणि विषय ओळखणे, आपले निवेदन दोन्ही भाषांत लिहिणे. कन्नडभाषक तरुणांनाही मराठीतले पगारपत्रक आणि ऊसबिल समजावून सांगायला शिकवा. ‘पगार’ आणि ‘बाकी’ हे शब्द उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही रोज वापरले जातात, तेव्हा सुरुवात तिथूनच होऊ शकते. शिबिरातला प्रत्येक गट दोन्ही भाषांचा मिळूनच करा. दुभाष्याचे काम दर वेळी वेगळ्या तरुणाला द्या, कारण दुसऱ्याचे म्हणणे न बदलता सांगणे हा नेतृत्वाचा फार चांगला सराव आहे.

सीमाप्रश्नही शिबिरात उघडपणे शिकवा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन असतो. त्या दिवशी तुमचा तरुण कुठे उभा राहणार, हे त्याला आदल्या रात्री एखाद्या मित्राच्या फोनवरून ठरवावे लागू नये. १९५६ ची पुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला खटला, हे सगळे दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांसह मांडा. कॉम्रेड कृष्णा मेणसे यांच्यासारखे बेळगावचे कम्युनिस्ट गोवा मुक्तीच्या आणि सीमेच्या लढ्यात होते आणि शेतकरी-कामगारांचे कामही तितक्याच जोराने करत होते, हे तरुणांना कळू द्या. मराठी भाषकांचा आपल्या भाषेत शिक्षणाचा आणि कागदपत्रांचा हक्क मागणे आणि कन्नड भाषक कामगाराबरोबर एकाच मोर्चात चालणे यांत मला स्वतःला कधीच विरोध वाटला नाही. पण हे उत्तर तरुणाला तयार देऊ नका. त्याने ते आपल्या कन्नड सोबत्यासमोर बसून शोधले पाहिजे, नाहीतर पहिल्याच तणावाच्या दिवशी ते निसटून जाईल.

निपाणीच्या तरुणांसाठी मी आणखी एक काम सुचवतो. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले. त्याच सुमारास निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या स्त्रियाही संघटित होत होत्या. ही चळवळ आपल्या विचारधारेची होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवून प्रत्येक शिबिरार्थीला आपल्या गावातल्या एका वृद्ध माणसाला किंवा बाईला भेटायला पाठवा. त्यांना नेत्यांविषयी विचारू नका. भाकरी कुठून आल्या, निरोप कोण नेत होते, जनावरे घरी कोणी सांभाळली, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी कोण जाऊन बसले, हे विचारायला सांगा. या उत्तरांतून तरुणाला संघटना म्हणजे काय ते कळते, आणि शाखेत बसल्यावर तो भाकरी आणणाऱ्या बाईचे नाव इतिवृत्तात लिहायला विसरत नाही.

सिद्धांताचे वर्ग बंद करावेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. वर्ग, मूल्य आणि नफा हे समजल्याशिवाय कार्यकर्ता निवेदने लिहिणारा कारकून होतो. फक्त क्रम बदला. विडीची वही तीन महिने ठेवल्यावर अतिरिक्त मूल्याचा, म्हणजे मजुरीपेक्षा जास्त निर्माण होऊन मालकाकडे जाणाऱ्या मूल्याचा, वर्ग घेतला तर तो दोन तासांत समजतो, कारण उदाहरण त्या बाईच्या सुपातच असते. शेजारच्या कोल्हापुरात १९०२ मध्ये शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तो हुकूम वर्गात चर्चेला घ्या. फुले आणि आंबेडकर घ्याच, आणि कन्नड सोबत्यांना बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या ‘कायक’ कल्पनेवर बोलायला सांगा. श्रमाला पूजेचा मान देणारा हा विचार इथल्या मातीतला आहे आणि मराठी तरुणांना तो फार थोडा माहीत असतो.

कायद्याच्या बाबतीत तर सध्या ज्येष्ठ आणि नवखे एकाच बाकावर आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९६६ चा विडी कामगारांचा कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा, जे आम्ही आयुष्यभर कलमांसह तोंडपाठ केले, त्यांची कलमे आता दुसरीकडे शोधावी लागतात. याचे दुःख आहे आणि या संहितांना आपला विरोधही आहे, पण नेतृत्व घडवण्याच्या दृष्टीने ही संधी आहे. एकेक संहिता दोन तरुणांना वाटून द्या, त्यांना ती वाचून ज्येष्ठांना शिकवू द्या. ज्येष्ठांनी वहीत टिपून घेतले तर त्या तरुणाच्या मनात जे घडते ते दहा भाषणांनी घडत नाही.

स्त्रियांविषयी तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, ‘महिला सभासद जास्त, पण पुढे येत नाहीत.’ बैठकीची वेळ पाहा. रात्री साडेआठला बैठक ठेवून विडी वळणाऱ्या बाईने पुढे यावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना सरकारी बसचा राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला. ज्या बायका पूर्वी भाड्याच्या पैशांमुळे बेळगावच्या जिल्हा बैठकीला येत नव्हत्या, त्या आता आधारकार्ड दाखवून सकाळच्या बसने येऊ शकतात. तेव्हा जिल्हा बैठक सकाळी अकरा ते दुपारी तीन ठेवा, लहान मुलांसाठी एक खोली आणि ती सांभाळणारा एक पुरुष कार्यकर्ता ठेवा. पदाधिकाऱ्यांची यादी करताना जातही पाहा. दलित आणि मुस्लिम स्त्रिया वर्गणी गोळा करतात आणि अध्यक्ष मात्र मोठ्या शेतीवाल्या घरातला, हे चित्र आपल्या शाखांत आहे. ते नुसत्या ठरावाने बदलत नाही, सभेचे अध्यक्षपद पाळीपाळीने दिल्यावर बदलू लागते.

डिसेंबरात बेळगावला हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि सगळ्या राज्याच्या संघटना तिथे मंडप टाकतात. माझी सूचना अशी की यंदा तुमच्या धरण्याची संपूर्ण जबाबदारी तिशीच्या आतल्या पाच जणांच्या समितीकडे द्या, त्यात किमान तीन स्त्रिया घ्या. परवानगीचा अर्ज, मंडपाचे भाडे, पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, खानापूरच्या जंगलभागातल्या बायकांना रात्रीआधी घरी पोचवणे, मंत्र्यांना भेटायला कोण जाणार आणि कोणत्या मागणीवर मागे हटायचे नाही, हे सगळे त्यांनीच ठरवावे. मे महिन्याचे शिबिर तीनऐवजी दीड दिवसाचे करा. उरलेला वेळ आणि पैसा जूनपासून महिन्यातून एका रविवारच्या अर्ध्या दिवसाच्या वर्गावर खर्च करा, आणि प्रत्येक वर्गाची सुरुवात मागच्या महिन्यात कोणी कोणते काम केले, याच्या आढाव्याने होऊ द्या.

राहिला तुमच्या दोन ज्येष्ठांचा प्रश्न. २०२२ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानेही वरच्या समित्यांसाठी ७५ वर्षांची वयोमर्यादा लागू केली, तेव्हा हा विषय केवळ तुमच्या शाखेचा नाही. पण वयाचा नियम दाखवून त्यांना बाजूला करू नका. त्यांच्या घरी जाऊन बसा आणि त्यांना असे सांगा की पुढच्या वर्षभरात तुमच्याकडचे प्रत्येक प्रकरण एका तरुणासोबत बसून त्याच्या वहीत उतरवून द्यायचे आहे: कोणत्या कार्यालयात कोणता कागद अडकला आहे, कोणत्या गावात कोणाशी कशावरून बिनसले आणि ते कसे मिटवले, कोणता ठेकेदार शब्द पाळतो. हे कोणत्याही पुस्तकात नाही, त्यांच्या डोक्यात आहे. आणि धरण्याच्या दिवशी त्यांची खुर्ची मंडपात पुढे ठेवा, मात्र माईक त्यांच्या हाती देऊ नका. पहिल्या वर्षी ते रागावतील. त्या संध्याकाळी समितीतल्या मुलीने हिशेबाची वही घेऊन त्यांच्या घरी जावे आणि दिवसभरात काय चुकले ते त्यांना विचारावे.